पाणी किती उंचावर ठेवायचं: एका पाणथळीच्या कामाच्या नोंदी

14 मार्च 2022, सोमवार

नवीन वही. ऑफिसच्या रिपोर्टमध्ये आकडे जातील, पण बाकीचं कुठे जाणार, म्हणून ही वेगळी नोंद ठेवतेय.

काम असं आहे. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याच्या नैऋत्य कोपऱ्यात, हेवूड गावापासून फार लांब नाही, एका खाजगी शेतात पाणथळ आहे, म्हणजे होती. साधारण सत्तर वर्षांपूर्वी चर खणून तिचं पाणी काढून टाकलं आणि गुरांसाठी कुरण केलं. आताच्या मालकाला ती परत भरायची आहे. चर अडवायचा, पाणी थांबवायचं, एवढंच वाक्यात. माझ्याकडे लेव्हल घेणं, म्हणजे जमिनीचे उंच-सखल मोजणं, लॉगर, म्हणजे पाण्याची पातळी आपोआप नोंदवणारं यंत्र बसवणं आणि पाण्याचा हिशोब. शेत कुणाचं, नेमकं कुठे, हे इथे लिहिणार नाही. माणसांची नावंही नाहीत.

ही जमीन गुंडिचमारा लोकांची, इथल्या मूळ रहिवाशांची. जवळच बज बिम नावाचा थंड झालेला ज्वालामुखी आहे, साधारण 37,000 वर्षांपूर्वी फुटला, त्याचा लाव्हा दक्षिणेला समुद्रापर्यंत वाहत गेला आणि जाताना ओढ्यांच्या वाटा अडवून दलदली आणि तळी करून गेला. त्या काळ्या दगडांत गुंडिचमारा लोकांनी चर कोरले, दगडी बांध घातले, साठवणीची डबकी केली आणि कूयांग पाळला. कूयांग म्हणजे वाम, आपल्याकडे कोकणात म्हणतात तोच सापासारखा लांब मासा, जात वेगळी. यातलं सगळ्यात जुनं काम 6,600 वर्षांपूर्वीचं निघालंय. 2019 साली युनेस्कोच्या जागतिक वारशात नाव लागलं, ऑस्ट्रेलियातली फक्त मूळ लोकांच्या संस्कृतीसाठी यादीत गेलेली ही पहिलीच जागा.

आपली साइट त्या वारशाच्या हद्दीत नाही. पण दगड तेच, पाणी तेच, शेवटी किलारा ओढ्यालाच मिळतं.


29 मार्च

दोन दिवस लेव्हल घेतल्या. वारा असा की स्टाफ, म्हणजे मोजणीचा उभा दांडा, धरणाऱ्या पोराचे हात थरथरत होते, रीडिंग तीन-तीनदा घ्यावं लागलं. सगळीकडे फॅलॅरिस, म्हणजे मुद्दाम लावलेलं परदेशी चाऱ्याचं गवत, कमरेएवढं, खाली काय आहे दिसत नाही. टायगर स्नेक एक, दगडावर ऊन खात. गमबूट विकत घेतले त्याचं सार्थक.

चर अगदी सरळ. एका ठिकाणी दोन्ही बाजूंनी दगडाची टेकाडं जवळ येतात, सगळ्यात अरुंद जागा तीच, मातीही कमी लागेल. बांध इथेच, असं नकाशावर टाकलं. तिथे दगडांची एक ओळ आहे. 'शेत साफ करताना वेचून टाकलेले दगड' अशी नोंद केली.


12 एप्रिल

ऑनलाइन मीटिंग. सुरुवातीला नेहमीचं वाक्य वाचलं गेलं, आम्ही या भूमीच्या पारंपरिक मालकांना वंदन करतो, त्यांच्या वडीलधाऱ्यांना आदर व्यक्त करतो. सुंदर वाक्य आहे, मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला होता, आपल्याकडे कुठल्या सरकारी मीटिंगची सुरुवात अशी होते. मग आमच्या ऑफिसचं वेळापत्रक स्क्रीनवर आलं. एक सर्व्हे, दोन डिझाइन, तीन परमिट, चार बजेट मंजुरी, पाच पारंपरिक मालकांशी चर्चा.

पाचवा नंबर. डिझाइन झालं, पैसे ठरले, मग चर्चा. हे तर वरातीमागून घोडं. मीटिंगमध्ये मी बोलले नाही, त्याचं आता वाईट वाटतंय. संध्याकाळी साहेबांना मेल केला की साइटवर सगळ्यांनी आधी एकदा चालून यायला हवं, डिझाइनच्या आधी. हो म्हणाले, बरं झालं.


28 एप्रिल, गुरुवार

आज चालून आलो. पारंपरिक मालकांच्या बाजूने एक वयस्कर बाई आणि दोन रेंजर, म्हणजे जमीन-पाण्याची राखण करणारे कर्मचारी. बाईंना सगळे आंटी म्हणतात, तिचं खरं नातं लागणारेही आणि न लागणारेही, इथे ज्येष्ठांना आंटी-अंकल म्हणायचीच रीत आहे त्यांच्यात. मला ते म्हणायला एक सेकंदही अवघड गेलं नाही, आपल्याकडे अनोळखी बाईला मावशी म्हणतोच की.

मी नकाशा घेऊन पुढे, इथे बांध येणार, इथे माती, इथे पिचिंग, म्हणजे दगडांचं अस्तर. आंटी ऐकत होती पण बघत होती खाली. मग त्या दगडांच्या ओळीपाशी थांबली, रेंजरच्या खांद्यावर हात ठेवून हळूच गुडघ्यावर बसली आणि हाताने गवत बाजूला करायला लागली. आम्ही सगळे उभेच. फॅलॅरिसची मुळं फराफरा तुटत होती. खाली आणखी दगड निघाले, वरच्यापेक्षा मोठे, आणि ते टाकलेले नव्हते, बसवलेले होते. एकाची सपाट बाजू आत, दुसऱ्याचीही आत, मध्ये हातभर जागा, आणि ती जागा वाकत वाकत जुन्या तळाच्या दिशेने जाते. आंटीने मला खाली बसायला सांगितलं. म्हणाली, "हात घाल." मी घातला. दोन दगडांच्या मधली फट खाली निमुळती होत गेलेली, आत थंड ओल होती, एवढ्या कोरड्या एप्रिलमध्ये.

"शेत साफ करणारा माणूस दगड फेकतो," आंटी म्हणाली, "तो सपाट बाजू बघत नाही."

मी माझ्या हाताने 'वेचून टाकलेले दगड' लिहिलं होतं. आणि बरोबर त्याच्यावर बांधाची रेघ मारली होती, जेसीबी तिथूनच आत आला असता.

काम थांबवलं. इथे 2006 चा वारसा कायदा आहे, अशा जागेला धक्का लावणं गुन्हा. आता रीतसर तपासणी, मग आराखडा, मग बाकी सगळं. ऑफिसात वेळापत्रक घसरल्याबद्दल कुरकुर आहे. असू दे. शेतमालक गाडीपर्यंत आला, गप्प होता, शेवटी म्हणाला, "मी लहानपणी त्या दगडांवर बसून जेवायचो."


30 मे, सोमवार

इथे आता रिकन्सिलिएशन वीक चालू आहे, मूळ लोक आणि बाकीचे यांच्यातलं नातं सुधारण्यासाठीचा आठवडा. 27 मे ते 3 जून. 27 मे कारण 1967 साली त्या दिवशी सार्वमत झालं आणि मूळ लोकांना जनगणनेत धरायला लागले. 3 जून कारण 1992 साली त्या दिवशी माबो खटल्याचा निकाल लागला, ही जमीन कुणाचीच नव्हती हे इंग्रजांचं म्हणणं कोर्टाने खोडलं. ऑफिसात केक होता, पोस्टर होतं.

मी या शब्दाला मराठी शोधत बसले. समेट? समेट भांडणाऱ्या दोघांत होतो, इथे एकाने दुसऱ्याच्या घरात शिरून त्याला बाहेर काढलं. सलोखा? सलोखा परत आणायचा तर आधी कधी होता. दिलजमाई तर नवरा-बायकोची. शेवटी आईला फोन केला. तिला सगळं सांगितलं, ती भाजी निवडत ऐकत होती. म्हणाली, "भावांच्या वाटणीत एकावर अन्याय झाला तर आधी सातबारा नीट करतात, मग जेवायला बोलावतात. आधी जेवायला बोलावलं तर तो येईल कशाला?"

सातबाराची गोष्ट इथे अशी आहे. 1834 मध्ये हेन्टी भावंडं पोर्टलंडला मेंढ्या घेऊन उतरली. पुढची वीसेक वर्षं जी लढाई झाली तिला युमेरालाची लढाई म्हणतात, गुंडिचमारा लोक याच दगडांच्या टेकाडांतून लढले कारण घोडा तिथे चालत नाही. मग उरलेल्यांना 1867 पासून लेक कोन्डाच्या काठच्या ख्रिस्ती मिशनमध्ये ठेवलं. 1886 च्या कायद्याने त्यातल्याच मिश्र रक्ताच्या म्हणून ठरवलेल्या लोकांना बाहेर काढलं, घरंच्या घरं फुटली. मिशन 1919 ला बंद. पुढे दोन गुंडिचमारा बायका आल्कोा कंपनीच्या ॲल्युमिनियम कारखान्याविरुद्ध हायकोर्टात, म्हणजे इथल्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आपल्या पूर्वजांच्या खुणा वाचवायला, आणि 1981 साली कोर्टाने मानलं की हो, यांना दाद मागायचा हक्क आहे. त्यातून वाट फुटत फुटत 1987 ला मिशनची जमीन परत. 2007 ला नेटिव्ह टायटल, म्हणजे मूळ लोकांचा जमिनीवरचा हक्क, मान्य. लेक कोन्डा, ज्याचं खरं नाव टे राक, तेही चर खणून कोरडं केलेलं होतं, ते परत मिळाल्यावर 2010 साली तिथे बंधारा घातला आणि पाणी परत आलं. म्हणजे सातबारा आधी, पाणी मग. आईचं बरोबर आहे.


16 जून

शेतमालकाच्या शेडमध्ये चहा. बाहेर पाऊस, पत्र्यावर एवढा आवाज की मोठ्याने बोलावं लागत होतं. आंटी, एक रेंजर, मी, तो.

ही जमीन त्याच्या आजोबांना दुसऱ्या महायुद्धानंतर मिळाली, सरकार परत आलेल्या सैनिकांना शेतीचे तुकडे वाटत होतं. आजोबांनी इथे येऊन आधी तंबूत दोन हिवाळे काढले आणि चराचा पहिला भाग फावड्याने खणला. हे सांगताना त्याचा आवाज अभिमानाचा होता आणि ते साहजिकच आहे, आजोबांच्या हाताचे घट्टे त्याने पाहिलेले आहेत.

आंटीने चहाचा कप खाली ठेवला. म्हणाली, "माझे मामा पण गेले होते त्या युद्धात."

पुढे ती फार बोलली नाही, बोलायची गरज नव्हती. इथली सगळी माणसं ती गोष्ट जाणतात. याच भागातले रेज सॉन्डर्स 1944 साली ऑस्ट्रेलियन सैन्यातले पहिले मूळ वंशाचे अधिकारी झाले, लेक कोन्डा मिशनवर वाढलेले. परत आल्यावर मिशनचीच जमीन तुकडे पाडून सैनिकांना वाटली, गोऱ्या सैनिकांना. गुंडिचमारा सैनिकांना त्यातलं काही मिळालं नाही. त्यांच्या आजीआजोबांची थडगी जिथे आहेत तिथली जमीन.

बराच वेळ पावसाचाच आवाज. मला वाटलं आता हा उठून जाईल किंवा माझा त्यात काय दोष असं म्हणेल. तो उठला खरा. आतून एक पत्र्याचा लांब डबा आणला आणि टेबलावर गुंडाळलेला कागद पसरला, कोपऱ्यांवर कप ठेवले. आजोबांनी चर खणण्याआधी पेन्सिलने काढलेला नकाशा. फुटात लेव्हल, दगडी टेकाडं, आणि सगळ्या तळाभोवती एक तुटक रेघ, तिच्यावर लिहिलेलं, 'हिवाळ्यात पाणी इथपर्यंत'. आणि एका ठिकाणी, त्या अरुंद जागेपाशी, बारीक अक्षरात, 'काळ्यांची दगडी ओळ'.

म्हणजे आजोबांना माहीत होतं.

त्याने ते अक्षर आंटीला बोटाने दाखवलं आणि मग हात मागे घेतला. कुणी माफी मागितली नाही, कुणी माफ केलं नाही. आंटीने विचारलं, याचा फोटो काढू का? तो म्हणाला, मूळ कागदच घेऊन जा, आमच्याकडे प्रत ठेवतो.


5 जुलै

तपासणी झाली. दगडी ओळ आणि तिच्या दोन्ही बाजूंची जागा वगळून बांध चराच्या खालच्या अंगाला 60 मीटर सरकवला. माती जास्त लागणार, खर्च वाढला. आधी तात्पुरता, कापडी वाळूच्या पोत्यांचा. एक हिवाळा बघू पाणी काय करतं, मग पक्कं. हा मार्ग मला मनापासून पटतो, जेसीबीने एकदा केलेलं परत उलटं करता येत नाही, पोती हाताने काढता येतात.


19 जुलै

पोती! मोजणं सोडून दिलं. दोन रेंजर, शेतमालक, त्याचा मुलगा, शाळेतली बारा-तेरा पोरं, मी. माणसांची साखळी करून. दुपारी सूप आणि ब्रेड. पाठ गेली. पाण्याची पातळी मीटरमध्ये दाखवणारी गेज पट्टी लावली, शून्य चराच्या तळाशी.


2 ऑगस्ट

गेज 0.71. पाणी चरातून वर येऊन गवतात शिरलं. पाय टाकला की चुबुक आवाज. तो आवाज फोनवर रेकॉर्ड करून आईला पाठवला.


27 ऑगस्ट, शनिवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवायला हवं.

पक्क्या बांधाची उंची ठरवायची होती. पाण्याच्या कामात हा एकच आकडा सगळं ठरवतो, सांडव्याचा माथा किती उंचावर. त्याच्या वर गेलेलं पाणी जातं, खालचं राहतं. माझ्याकडे दोन पुरावे. आजोबांची तुटक रेघ, ती आताच्या लेव्हलमध्ये बदलून घेतली. आणि दगडी चराचा तळ, जो रेंजर लोकांबरोबर हात न लावता मोजला. दोन्ही जुळेनात. रेघ वर, दगडी चराचा तळ तिच्या 34 सेंटिमीटर खाली. सपाट तळात 34 सेंटिमीटर म्हणजे केवढं मोठं क्षेत्र. शेजारच्या शेताच्या कुंपणाचाही प्रश्न.

मी काय केलं, दोन्हींच्या मधला आकडा काढला, सगळ्यांना थोडं थोडं, आणि तो घेऊन गेले. कॅल्क्युलेशन बिनचूक होतं. आंटीने कागद बघितला आणि विचारलं, "दोघंही खरं सांगतायत तर तू मधलं खोटं का काढतेस?"

मग तिने आणि रेंजरने मला काठाकाठाने फिरवून दाखवलं. टे राकच्या दगडी चरांचं पण असंच आहे म्हणे, आणि आर्किऑलॉजीवाल्यांनी 1970 च्या दशकात मोजमाप केलं तेव्हा तेही हेच सांगून गेले, की सगळे चर एका उंचीवर नाहीत. काही अगदी वर, भरल्या पाण्यातच चालतात. काही खाली. पाणी चढताना वरच्या वाटांनी मासा आतल्या डबक्यांत जातो, पाणी उतरताना खालच्या वाटांवर टोपल्या लावतात. इथल्या शरदात, म्हणजे मार्च ते मे, पहिला मोठा पाऊस झाला की मोठा कूयांग समुद्राकडे निघतो, तेव्हा परत वेगळी उंची. म्हणजे तुटक रेघ हिवाळ्याची आणि दगडी चर उतरत्या पाण्याचा. पाणथळीला एक उंची नसतेच, ती वर्षभर चढते-उतरते आणि त्या चढ-उतारावरच सगळं जगतं, मासा, गवत, बेडूक, ब्रोल्गा पक्षी. मी एक पक्का काँक्रीटचा माथा बांधून एक चांगलं भरलेलं तळं केलं असतं, आणि पाणथळ मारली असती.

घरी येताना गाडीत आजोळ आठवत होतं. अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोंदिया जिल्हा. गावचा मामा तलाव, मामा म्हणजे माजी मालगुजारी. कोहळी लोकांनी बांधलेले हे तलाव. मासेमारी ढिवरांची. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि पाणी कधी सोडायचं किती ठेवायचं हे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं त्यांना विचारायची पद्धतच संपली. लहानपणी एक ढिवर आजोबा पाळीवर बसून सांगायचे, पाणी त्या दगडाला लागलं की मासा चढतो. मी इंजिनिअरिंग करून आले, तो दगड कुठला हे विचारायचं राहून गेलं.


17 ऑक्टोबर

महिनाभर पाऊस थांबतच नाही, राज्यभर पूर. (नंतर भर: तो व्हिक्टोरियाचा आजवरच्या नोंदींतला सगळ्यात ओला ऑक्टोबर निघाला.) सकाळी फोन आला, ये लवकर. रस्ता दोन ठिकाणी पाण्याखाली, वळसा घालून पोचले.

गेज 1.38. पोती टिकली. तळं काठोकाठ आणि आजोबांच्या पेन्सिलच्या रेघेपाशी पाणी, अक्षरशः. आणि दगडी ओळीतून पाणी वाहत होतं. फार नाही. दोन दगडांच्या मधून हातभर रुंद, तपकिरी चहासारखं, वळणावर थोडं अडखळून पुढे. रेंजरने गवताची एक काडी टाकली, ती वळणं घेत गेली, तिन्ही वळणं, एकदाही अडकली नाही. सत्तर वर्षं कोरडा पडलेला चर, वर गुरं चाललेली, तरी उतार शाबूत.

आंटी छत्री न घेता उभी होती. तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली, मला उद्देशून नव्हतं, म्हणून अर्थ विचारला नाही. शेतमालक जरा लांब, टोपी हातात. मी गेजकडे बघायचं सोडून रडत होते.

नंतर सगळे टे राकच्या काठच्या नव्या केंद्रात गेलो, याच वर्षी उघडलंय, कूयांगवर प्रक्रिया तिथेच होते आणि कॅफेही आहे. धुरी दिलेला कूयांग खाल्ला. तेलकट, गोडसर, आपल्या सुकटीची आठवण नाही येत, वेगळंच.


8 फेब्रुवारी 2023

डिझाइनवरून ऑफिसात तीन आठवडे वाद. पक्का माथा स्वस्त, देखभाल नाही. मला फळ्या हव्यात, म्हणजे बांधात एक चौकट, तिच्या खाचेत एकावर एक आडव्या फळ्या, काढल्या की पाणी उतरतं, घातल्या की चढतं. ऑफिसचं म्हणणं, मग फळ्या काढणार कोण, घालणार कोण, जबाबदारी कुणाची.

हाच तर प्रश्न आहे. आणि उत्तर माझ्या मते अगदी सरळ आहे, ज्यांना कधी काढायच्या ते माहीत आहे त्यांनी. मीटिंगमध्ये या वेळी बोलले. म्हटलं, सुरुवातीचं वाक्य आपण दर वेळी वाचतो, मालक म्हणतो, मग मालकाकडे चावी नको का. शांतता झाली. शेतमालकानेच मिटवलं, जमीन माझी कागदावर, मी लिहून देतो म्हणाला, पाण्याची पातळी रेंजर टीम ठरवणार, शेजारच्या कुंपणाची जी कमाल मर्यादा आहे तेवढी पाळायची. करार झाला. चौकटीला कुलूप, चावी रेंजर टीमकडे, एक जादा शेतमालकाकडे आगीच्या वेळेसाठी. आमच्या ऑफिसकडे नाही.

खालच्या बाजूला खडबडीत दगडांचा उतार पण घेतला, लहान वामांना चढायला. ती पिल्लं ओल्या खडबडीत पृष्ठभागावरून अंग घासत चढतात, गुळगुळीत काँक्रीटवर घसरतात.


9 मार्च

जेसीबी आला. दगडी ओळीभोवती दोरी आणि झेंडे, रेंजर पूर्णवेळ उभा, प्रत्येक बादलीतली माती बघत. ऑपरेटर कंटाळेल असं वाटलं होतं, पण दुसऱ्या दिवशी तोच बादली खाली ठेवून थांबला आणि हाक मारली, हे बघ जरा. साधा दगड निघाला. तरी त्याने थांबून विचारलं याचं मला कौतुक वाटलं.


22 जून

फॅलॅरिस पाण्याखाली कुजतंय, वास येतो. कडेला नवीन कोंब, आम्ही लावलेले नाहीत, मातीत झोपून राहिलेल्या बियांचे. आंटीच्या सुनेने टोपल्या विणायचं पून्यार्ट गवत कुठे लावायचं त्या जागा काठ्या रोवून दाखवल्या. 200 रोपं लावली. बोटं बधिर.


19 सप्टेंबर, मंगळवार

आज गणपती. घरी शाडूचा छोटा बसवला आणि साइटवर गेले. पाऊस गायब, मागच्या वर्षाच्या अगदी उलट, पाणी उतरतंय. मी घाबरून फोन केला होता की सगळ्या फळ्या घालून ठेवूया, आहे ते तरी धरून ठेवू. रेंजर म्हणाला नको, आंटी म्हणतेय खालची वाट उघडी राहू दे, बारकी वाम यायची वेळ आहे. ऐकलं. गेज 0.83. बेडकांचा आवाज मात्र प्रचंड, त्यात तो गुरगुरणारा हिरवा बेडूक, मोटरसायकल गिअर बदलते तसा. इथे तो आता दुर्मिळ झालाय.


16 ऑक्टोबर, सोमवार

शनिवारी सार्वमत झालं. मूळ लोकांचं म्हणणं संसदेपुढे ठेवणारी एक समिती राज्यघटनेत घालायची की नाही, एवढाच प्रश्न. देशातल्या साधारण 60 टक्के लोकांनी नाही म्हटलं, सगळ्याच्या सगळ्या राज्यांत नाही. मला दोन वर्षांपूर्वी नागरिकत्व मिळालं, माझं इथलं पहिलं सार्वमत, मी हो लिहिलं. रात्री निकाल बघून झोप आली नाही.

आज साइटवर जायचं ठरलेलं होतं. कुणी येईल असं वाटलं नव्हतं. रेंजरची गाडी माझ्या आधी उभी. दोघंही कामाला लागलेले, गेजवरचं शेवाळ घासत होते. मला काय बोलावं कळेना, सॉरी म्हणाले. मोठा रेंजर ब्रश पाण्यात बुडवत म्हणाला, "ओढ्याने मत दिलं नाही ना. चल, रीडिंग घे." मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "आई दोन दिवस बोलली नाहीये."

शेतमालक अकराच्या सुमारास आला, घरचा केक घेऊन. त्याने काय मत दिलं मी विचारलं नाही. केक बांधावर ठेवला, सगळ्यांबरोबर बसला, गेला. या शेतात दगडी ओळ शाबूत आहे, पाणी आहे आणि चावी त्यांच्या हातात आहे. देशाने जे नाकारलं ते यातून भरून येणार नाही, मला तसं म्हणायचंच नाही. पण मी आज बांधावर बसून त्या कुलपाकडे बघत राहिले.

गेज 0.74.


21 नोव्हेंबर, रात्री 11.40

मोटेलमध्ये, अंगावर अजून चिखल.

आंटीने सांगितलं होतं रात्री ये, ढग असलेल्या रात्री, लाल टॉर्च आण. नऊला गेलो. ती खुर्ची घेऊन आली होती, गुडघे दुखतात म्हणून, पांघरूण घेऊन बांधावर बसली. आम्ही खाली खडबडीत उतारापाशी. अर्धा तास काही नाही, फक्त पाण्याचं झिरपणं. मग रेंजरने माझं कोपर धरलं.

दगडावर, पाण्याच्या बाहेर, जिथे फक्त ओल होती तिथे, बोटभर लांब, सुतळीएवढं जाड, काहीतरी हललं. टॉर्च जवळ नेला. एक नाही, पाच-सहा. डोकं वर, शेपटी दोन खड्यांच्या मध्ये रोवून, थोडं वर, थांबायचं, परत थोडं. एक घसरलं, खाली पडलं, परत लागलं. यांचे आईबाप अशाच गोड्या पाण्यात वीस-वीस वर्षं वाढून समुद्रात जातात आणि पार कोरल समुद्रापर्यंत पोहतात, उपग्रहाचे टॅग लावून बघितलंय, अडीच हजार किलोमीटरहून जास्त. तिथे अंडी घालून मरतात. ही पिल्लं प्रवाहाबरोबर वाहत किनाऱ्याला लागतात आणि नदीचं तोंड शोधून वर चढतात. वाट कुणी दाखवत नाही त्यांना.

एक पिल्लू माथ्याशी पोचलं, चौकटीच्या कडेला, खालच्या फटीतून आत, तळात. गेलं.

आंटीने वरून विचारलं, "किती?"

"सात," रेंजर म्हणाला. मग, "आठ."

"मग उद्या वरची एक फळी काढ. कडेच्या गवताला बी धरायचंय, पाणी हळू उतरू दे. एकच."

मी वहीत लिहून घेतलं. आज गेज 0.66. उद्या सकाळी 7, फळी नंबर 3, चावी रेंजरकडे.